घरात हबब नको

दानम्मा लग्न होऊन लातूरला आली ती थेट गोलाईच्या भर बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली दुकान, वर संसार. सकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्या की आवाजाला तोंड फुटायचं. हंडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी तो बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं, मग शेजारची कळशी वाजवायचं, मग पातेली, आणि शेवटी घ्यायचं एखादं उलथनं. समोर बांगडीवाल्यांची ओळ, कोपऱ्यावर कांद्याबटाट्याचे गाडे, आणि या सगळ्यावरून पलीकडच्या दुकानदाराशी गप्पा मारणारा तिच्या मालकांचा, शिवप्पांचा आवाज. उमाशंकर झाला तेव्हा बाळंतिणीला झोप कशी लागायची म्हणून सासू काळजी करत होती. पण ही त्या खणखणाटात गाढ झोपायची आणि दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, बाजार जरा शांत झाला, की दचकून जागी व्हायची.

तीच दानम्मा आता सत्तरीला टेकली होती आणि गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत, अशा घरात राहत होती की जिथं ओट्यावर पातेलं ठेवायचं तर आधी खाली फडकं घालावं लागायचं.

हे सगळं नातीसाठी होतं. अंजू, उमाशंकरची एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा घर अजून गोलाईतच होतं. खाली स्टीलच्या डब्यांची चळत कोसळली, अख्खी गल्ली वळून बघायला लागली, तरी पाळण्यातल्या अंजूची पापणी हलली नाही. शिवप्पांना त्याचं भारी कौतुक. येईल त्याला सांगायचे, "भांडेवाल्याचं लेकरू हाय. आईच्या पोटातूनच सवय लावून आलंय." सगळे हसायचे. दानम्माही हसायची. दुसऱ्या कुठल्या घरात त्या लेकराला महिनाभरात दवाखान्यात नेलं असतं. या घरात मात्र दोन वर्षं सगळ्यांनी त्याचा अभिमान बाळगला. शिवप्पा गेले त्या साली कळलं की पोरीला ऐकूच येत नाही.

मग पुण्याच्या वाऱ्या झाल्या, तपासण्या झाल्या, चौथं लागलं तेव्हा ऑपरेशन झालं. कानामागं एक मशीन आणि केसांत चिकटून बसणारी, रुपयाएवढी काळी चकती. चकती लावली की आवाज, काढली की काहीच नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मशीन बसवली म्हणजे ऐकू आलं असं नाही. ऐकायला शिकवावं लागतं, जसं लेकराला चालायला शिकवतात तसं. त्यासाठी लातूरलाच सुकन्या मॅडम भेटल्या. त्या मूळच्या उमरीच्या, बोलायला शिकवण्याचं शिक्षण घेतलेल्या. वयानं लहान, पण समोरच्याला न्याहाळून मगच बोलणाऱ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आता सुरुवातीला एका वेळी एकच आवाज. तिच्याभोवती हबब नको."

"म्हंजे काय वो मॅडम?" दानम्मानं विचारलं.

"इंग्रजी शब्द आहे, आजी. खूप माणसं एका वेळी बोलतात ना, आवाजात आवाज मिसळतो, कुणाचंच धड कळत नाही. तसं."

"म्हंजे कालवा."

"हां, तसंच म्हणा."

परतताना रिक्षात दानम्मा तोच विचार करत होती. कालवाच की. तिच्या माहेरी, कर्नाटकाच्या शिवेवर, त्याला गद्दल म्हणायचे. शाळेतल्या पोरांनी केला की गलका. भावकीत जुंपली की गिल्ला. चोर आला की बोंब. एवढे शब्द घरात असताना हा नवा कशाला, तिला कळेना. ती तसं म्हणाली तेव्हा उमाशंकर म्हणाला, "अव्वा, कालवा असता तर मॅडम कालवाच म्हणल्या असत्या. इंग्रजीत सांगितलं म्हंजे ते कायतरी येगळं असंल. जास्तीचं." औषधाचं नाव विसरू नये म्हणून माणूस मनात घोकतं, तसा तो शब्द त्याची बायको रेणुका ओठांत घोळवत होती.

आणि तो शब्द घरात राहायला आला. महिनाभरात त्यांनी गोलाईतल्या खोल्या सोडल्या, खालचं दुकान तेवढं ठेवलं आणि ही वसाहत गाठली, कारण गोलाई म्हणजे सगळा हबबच. नव्या घरात कुकरची शिट्टी हबब झाली, मिक्सर हबब झाला, दारावरची बेल उमाशंकरनं स्वतः तार तोडून बंद केली. भांडेवाल्याच्या घरात प्लास्टिकच्या ताटल्या आल्या. एकानं बोलायचं, त्यानं अंजूच्या समोर बसायचं, त्याचं संपलं की दुसऱ्यानं. पाहुणे आले तर उंबऱ्यातच त्यांच्या कानात सांगायचं. हळूहळू पाहुणे यायचे कमी झाले. शेजारीण कुंपणावरून हाक मारायला लागली की रेणुका ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "ताई, हबब." शेजारणीला बिचारीला वाटलं, पोरीच्या दुखण्याचंच नाव हबब आहे. तिनं एकदा दानम्माला हळूच विचारलं, "अंजूचा हबब आता कमी हाय का?"

दानम्मानं ही गोष्ट रात्री जेवताना हळू आवाजात सांगितली. उमाशंकर हसला. रेणुका हसली नाही. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. दोन वर्षं लेकीला हाका मारून जी आई थकली होती, तिला एकदा "आई" ऐकू आलं होतं, आणि ते बंद खोलीत, शांततेत ऐकू आलं होतं. त्या शांततेला ती जिवापाड जपत होती.

अंजू घरात छान बोलायला लागली. लहान लहान वाक्यं, थोडी नाकातून, पण बोलायची. म्हणून जूनमध्ये तिला घराजवळच्या शाळेत पहिलीत घातलं.

तिथं सगळं फिसकटलं. एका वर्गात साठ पोरं. पहिल्या आठवड्यातच अंजूनं चकती काढून कंपासपेटीत ठेवायला सुरुवात केली. बाईंनी हाक मारली तर वळायची नाही. पोरं खेळायला बोलवायची, ही खिडकीबाहेर बघत बसायची. दिवाळीच्या आधी शाळा सुटताना ती फाटकातून तशीच बाहेर पडली, आणि मागं पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत आला. तो थांबला म्हणून निभावलं.

मोठ्या बाईंनी आईबापांना बोलावलं. दानम्माही गेली. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, मला दिसतंय. पण ती मशीन काढून बसते. उद्या काही झालं तर तुम्हाला काय तोंड दाखवू? संक्रांतीनंतर एक दिवस मी स्वतः तिच्या वर्गावर बसते. तिनं मशीन लावून वर्गात बसावं, एवढंच माझं म्हणणं. नसेल जमत तर तिच्यासाठी वेगळी शाळा बघा."

वेगळी शाळा नांदेडला होती. रेणुकाचं माहेर बिलोलीचं, भाऊ नांदेडला नोकरीला. तो जाऊन बघूनही आला. शाळा चांगली, शिक्षक मायाळू, हातांच्या खुणांनी शिकवतात, राहायची सोय तिथंच. दानम्माला त्या शाळेबद्दल काही वावगं म्हणायचं नव्हतं. पण अंजूला आत्ता कुठं सहा पुरी होऊन सातवं लागलं होतं, झोपताना आजीच्या पदराचं टोक मुठीत धरायची. तिला नांदेडला ठेवून लातूरला परत यायचं, या विचारानं दानम्मा रात्री उठून तिचं पांघरूण सारखं करायची. उमाशंकर म्हणायचा, "तिच्या भल्याचं आसंल तर करावं लागंल, अव्वा." आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसायचा.

दिवाळीनंतर सुकन्या मॅडम पहिल्यांदाच त्यांच्या घरी आल्या. एरवी अंजूच त्यांच्याकडे जायची. मॅडम आत आल्या, बसल्या आणि इकडंतिकडं बघत राहिल्या. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवलेले. भिंतीवरचं घड्याळ सेल काढून ठेवलेलं. रेणुकानं चहा आणला तो कपबशीखाली रुमाल घालून. तिला उमाशंकरला काही सांगायचं होतं म्हणून तिनं लांबून हात हलवला आणि तो उठून जवळ आला.

"घर असं का केलंय तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

उमाशंकर गोंधळला. "तुम्हीच सांगितलं ना मॅडम. हबब नको म्हणून."

"कधी सांगितलं?"

"पहिल्या दिवशी."

मॅडमनी कप खाली ठेवला. "दादा, ते पहिल्या काही महिन्यांपुरतं होतं. आणि शिकवायच्या वेळेपुरतं. तुम्ही तेव्हापासून... रोज? दिवसभर?"

उमाशंकरनं मान हलवली. अंजू त्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी नीट सांगायला पाहिजे होतं. ती एवढी छान प्रगती करतेय, मी घरचं विचारलंच नाही." मग त्या दानम्माकडं वळल्या. "आजी, हबब काही वाईट गोष्ट नाही हो. भांडणाच्या आवाजाला कुणी हबब म्हणत नाही. लग्नाच्या मांडवात, बाजारात, जेवणाच्या पंगतीत जो आवाज असतो ना, तो. माणसं एकत्र जमली की होतो तो. तिला त्याच्यातच राहायचंय पुढं. मशीनवाल्या लेकरांना तो जड जातो, डोकं दुखतं, थकतात. पण थोडा थोडा कानावर पडला तरच सवय होते."

"मग संक्रांतीपर्यंत हुईल का?" रेणुकानं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मॅडमना पुढं वाकावं लागलं.

"ते मी नाही सांगू शकत, ताई. सुरुवात करू या."

त्या गेल्यावर रेणुका स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली. दानम्मा तिच्याजवळ गेली. ज्या कष्टांनी आपण लेकराचं भलं केलं असं वाटत होतं, त्यांनीच ते अडवलं, हे कळल्यावर बाईला काय सांगायचं? दानम्मानं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तिच्या हातात दिलं आणि बाहेर येऊन घड्याळात सेल घातला.

मग एकेक आवाज घरात परत आला. कुकरची शिट्टी झाली की अंजू कान दाबायची, दोनचार दिवसांनी नुसती वळून बघायला लागली. बेल जोडली. रेडिओ लागला. पण दोन माणसं एकदम बोलली की तिचा हात केसांकडं जायचा आणि चकती मुठीत यायची.

अशात मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि सगळी माणसं शेतात. हरभरा, ज्वारी उभी असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत पांडवांचे दगड मांडून पूजा करतात, आंबिलाची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन शेताला फेरी मारतात आणि "ओलगे ओलगे" म्हणून ओरडतात. त्याचा अर्थ विचारला तर कुणी धड सांगत नाही. आजा ओरडत होता म्हणून नातू ओरडतो. अंजूची मशीन बसल्यापासून हे घर येळवशीला गेलं नव्हतं.

निलंग्याकडं त्यांचं शेत. ते दानम्माचा दीर संगप्पा कसायचा. त्याचा फोन आला. "वैनी, औंदा तरी येनार का? का हितं बी कोपीला मोजे घालू?"

"येते," दानम्मा म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला धास्ती वाटली.

रेणुका उभ्या उभ्याच म्हणाली, "तिथं दोनशे मानूस असतंय, आत्या. झोके, ट्रॅक्टरवर गाणी. मॅडमनी थोडं थोडं म्हणलंय. तुमच्या सणापायी माझ्या लेकीचं डोकं दुखवायचं का?"

दानम्माला ते लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. तिला सण हवाच होता. सगळ्यांनी एकदम बोलावं, आपल्या पानात कोण काय वाढतंय ते कळू नये, असं जेवण जेवून तिला वर्षं झाली होती. ती म्हणाली, "हाव, मला बी जायचंच हाय. पर तिला त्रास झाला तर मी तिला घेऊन गाडीत बसते, काचा लावून. तू जेव निवांत."

रेणुकानं नवऱ्याकडं बघितलं. उमाशंकर म्हणाला, "कामून भांडायलाव? जाऊन बघू."

शेतात पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. कोप उभी होती, आंब्याला दोन झोके बांधले होते. भाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, आंबील. शेजारच्या शेतांतली माणसं बांधावरून हाका मारत होती, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "जेवून जावा, जेवून जावा" म्हणून अडवत होती. संगप्पानं अंजूला उचलून घेतलं, तो तिच्याशी काहीतरी बोलला. तिला कळलं नाही. तेवढ्यात झोक्यावरच्या पोरी किंचाळल्या, कुणीतरी ट्रॅक्टरवर गाणं लावलं, बायका हसल्या, फेरीला निघालेल्यांनी "ओलगे ओलगे" सुरू केलं. अंजूनं अंग आखडलं, ती खाली उतरली आणि पळत कोपीत शिरली.

रेणुका उठायला लागली. दानम्मानं तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः वाकून, गुडघा धरत, कोपीत गेली.

आत सावली होती, कडब्याचा वास होता. पूजेच्या दगडांशेजारी अंजू पाय पोटाशी घेऊन बसली होती. चकती मुठीत. दानम्मा तिच्या बाजूला टेकली. तिनं चकती मागितली नाही. दोघी कोपीच्या तोंडातून बाहेर बघत राहिल्या.

बाहेर संगप्पा हात हलवून उमाशंकरला लांबून काही सांगत होता.

अंजूनं आजीची हनुवटी आपल्याकडं वळवली. चकती नसली की ती अशीच बोलायची, तोंडाकडं बघत. "संगप्पा आबा काय म्हणतो?"

घरात ही रोजची रीत. कोण काय बोललं ते आजीनं, आईनं पुन्हा अंजूसमोर बसून सांगायचं. दानम्मानं कान दिला. गाणं, किंचाळ्या, भांडी, शेजारच्या बांधावरची हाळी. संगप्पाचं तोंड हलत होतं, एवढंच.

"मला बी न्हाई कळलं," ती म्हणाली.

अंजूच्या कपाळाला आठी पडली. आजी खोटं बोलतेय असं तिला वाटलं असावं. "तुला ऐकू येते."

"येते. पर एवढ्या कालव्यात कळत न्हाई. कुनालाच कळत न्हाई."

"बाबाला?"

"बघ बाबाकडं."

उमाशंकर कानामागं हात धरून, भुवया वर करून उभा होता. त्याच्या तोंडाचा आकार अंजूला ओळखता आला. "काय?" तो विचारत होता. संगप्पा दोन पावलं पुढं आला, पुन्हा ओरडला. उमाशंकरनं पुन्हा विचारलं, "काय?"

अंजू गुडघ्यांवर उठली. दानम्माला आता गंमत सुचली. आपण उंडा मागतोय हे अंजूला तोंडासमोर सांगून तिनं कोपीच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "रेणुका, एक उंडा दे गं."

पंगतीत वाढणाऱ्या रेणुकानं मान वळवली. "काय?"

"उंडा."

रेणुका लगबगीनं आली आणि तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. दानम्मानं तांब्याकडं बोट दाखवून अंजूकडं बघितलं. अंजू हसली. आधी नुसती ओठांनी, मग आवाज करून. रेणुकाला काही कळेना. "काय झालं? काय?" ती विचारत राहिली आणि अंजू आणखीच हसली.

"आईला बी ऐकू येत न्हाई," अंजू म्हणाली.

"तिला तर आजिबात न्हाई," दानम्मा म्हणाली.

घरातल्या शांततेत त्या लेकराला वाटत आलं होतं की बाकी सगळ्यांना सगळं ऐकू येतं. सगळीकडं, नेहमी, एकेक शब्द. आपल्यालाच फक्त येत नाही. वर्गातल्या साठ पोरांना सगळं कळतंय आणि आपल्याला नाही, म्हणून ती चकती काढून खिडकीबाहेर बघत होती. तिला वेगळं कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

अंजूनं मूठ उघडली, चकती केसांत चाचपून बसवली. आवाज अंगावर आल्यासारखं तिनं डोळे मिटले. मग आजीचा हात धरून बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत पळाली. पुन्हा आली. या खेपेला ती सरळ संगप्पाकडं गेली, त्याचं धोतर ओढलं आणि म्हणाली, "काय?"

संगप्पा काही बोललाच नव्हता. पण तो खाली वाकला आणि म्हणाला, "खीर खाती का?"

"काय?"

"खीर. गोड गोड."

"हाव," अंजू म्हणाली.

मग तिला तोच खेळ लागला. झोक्यावरच्या पोरीला "काय?", बांधावरून आलेल्या म्हातारीला "काय?". बहुतेक जण हसून पुन्हा सांगायचे. एकदोघं वैतागले. म्हातारीलाही कमी ऐकू येत होतं, त्या दोघी एकमेकींना बराच वेळ "काय? काय?" करत बसल्या.

रेणुका हातात पळी घेऊन ते बघत होती. दानम्माजवळ येऊन ती हळू म्हणाली, "घरात तिला कधी काय म्हनायची पाळीच येऊ दिली न्हाई आपन, आत्या." आणि मग तिला आठवलं. तांब्या तिनं परत उचलला. "तुम्ही मागितलं काय व्हतं मगाशी?"

"उंडा."

रेणुकानं उंडा आणून दिला, आणि भज्जी न विचारता वाढली.

संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या अंजूनं चकती काढली आणि आजीच्या मांडीवर झोपली. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, ती चिडचिडली, एकदा तर चकतीची वायर दातांत धरली. सगळं सुरळीत झालं असं काही नव्हतं. पण घरात आता दोघं एकदम बोलायला लागले तर ती हात केसांकडं न नेता कधीकधी विचारायची, "काय?" उमाशंकर तिला रविवारी तासभर गोलाईत दुकानी न्यायला लागला. गिऱ्हाईकानं हंडा वाजवला की तीही वाजवायची. कधी ती आनंदानं परत यायची, कधी रडत.

संक्रांत झाली. ठरलेल्या दिवशी दानम्मा तिला शाळेत सोडायला गेली आणि घरी न जाता आवारातल्या कडुलिंबाच्या पारावर बसून राहिली. रेणुका येणार होती, पण उंबऱ्यातूनच माघारी फिरली. "तुम्हीच जावा आत्या," ती म्हणाली होती.

वर्गाची दारं उघडी होती. पाढे, दटावणाऱ्या बाईंचा आवाज, बाक सरकल्याचे आवाज, सगळं एकात एक मिसळून पारापर्यंत येत होतं. त्यातून अंजूचा आवाज वेगळा काढायचा दानम्मानं खूप प्रयत्न केला. आला नाही. तिनं हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. नांदेडच्या शाळेत पोरीला रात्री कोण पांघरूण घालेल, हा विचार येऊ नये म्हणून ती पारावरची वाळकी पानं एकेक करून खाली टाकत राहिली.

शाळा सुटायला थोडा वेळ असताना मोठ्या बाई बाहेर आल्या. कपाळावर घाम होता.

"आजी, तुमची नात वर्ग पुढं सरकू देत नाही," त्या म्हणाल्या. "बाई एक वाक्य बोलल्या की ती उभी राहून काय म्हणून विचारते. पुन्हा सांगितलं की बसते. पुढच्या वाक्याला परत उभी. तिचं बघून मागची चार पोरंही विचारायला लागली. म्हणे त्यांनाही मागं ऐकू येत नव्हतं."

"मग, बाई?"

"मग काय. तिला पहिल्या बाकावर घेतलंय. मशीन काढली नाही तिनं. दोनदा हात गेला डोक्याकडं, पण काढली नाही." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "राहू द्या तिला इथंच. मी बाईंना सांगते, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल म्हणून. घरी जाताना फाटकापाशी मात्र कुणीतरी पाहिजे."

"मी हाय की," दानम्मा म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली आणि सगळे वर्ग एकदम फुटले. मोठ्या बाई काहीतरी म्हणत होत्या. दानम्माला ते कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती पोरांच्या लोंढ्यात दोन वेण्या शोधत होती.

अंजू सगळ्यांच्या मागून आली. चेहरा थकलेला, डोळे लाल, एक वेणी सुटलेली. चकती जागेवर होती. तिच्याबरोबर एक काळीसावळी, चुणचुणीत पोरगी होती, जिचं तोंड क्षणभरही बंद नव्हतं. ती अंजूच्या कानाशी बोलत आली, दानम्माकडं बघून हसली, आणखी काही बोलली आणि पळाली.

"कोन गं ती?"

"धम्मप्रिया." अंजूनं आजीच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. "लई बोलते ती. माझं डोकं दुखलं."

"काय बोलती एवढं?"

अंजूनं जरा विचार केला.

"सगळं न्हाई कळलं," ती म्हणाली. "उद्या विचारते."